तुम्ही विचारलंत म्हणून: शेंगदाणा, थायमस आणि टी पेशी

“साखरेला चिकटणाऱ्या प्रथिनांचा अभ्यास करता, म्हणजे डायबेटिसवरच काम ना?” ओळख झाली की हा प्रश्न ठरलेलाच. तर, नाही. चहातली साखर बाजूला ठेवा. आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर निरनिराळ्या शर्करांच्या साखळ्यांचं दाट रान असतं. त्या साखळ्या नेमक्या ओळखून पकडणारी प्रथिनं म्हणजे लेक्टिन्स. रोगाशी लढणाऱ्या पेशी घडतात कशा, हे समजून घ्यायला त्यांनी मोठी मदत केली आहे, आणि त्यात शेंगदाण्याचा वाटा मोठा आहे.

छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या पेशी तिथे टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, होतात. होतात म्हणजे अगदी थोड्या. बाकीच्या तिथेच मरतात. १९७६ मध्ये इस्रायलमधल्या याइर राइस्नर, नेथन शॅरन आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या थायमसमधल्या पेशींत शेंगदाण्याचं लेक्टिन मिसळलं. कोवळ्या पेशींचे गठ्ठे झाले, पक्व पेशी सुट्या राहिल्या. पक्व होताना पेशी आपल्या साखळीच्या टोकावर सियालिक आम्ल ही आणखी एक शर्करा चढवते, आणि शेंगदाण्याचं लेक्टिन जिला धरतं ती शर्करा त्याखाली झाकली जाते. पेशी कुठवर आली आहे ते तिच्या अंगावरच दिसतं! मला आजही याचं नवल वाटतं. (या लेक्टिनची त्रिमितीय रचना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत उलगडली, १९९४ मध्ये. त्या चमूत आपले नागपूरचे शेखर मांडेही होते.)

शेंगदाणा झाला बाहेरचा. आपल्या शरीराची स्वतःची लेक्टिन्स आहेत, त्यांतली गॅलेक्टिन्स मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. गॅलेक्टिन-१ थायमसमधल्याच पेशी बनवतात. लॉस एंजेलिसला लिंडा बॉम यांच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात दिसलं, की डिशमध्ये हे प्रथिन लावलं की माणसाच्या कोवळ्या थायमस पेशी स्वतःला संपवतात. अस्थिमज्जेत मात्र हेच प्रथिन घडत्या बी पेशीच्या (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशीच्या) अंगावरच्या रिसेप्टरला, म्हणजे इशारे टिपणाऱ्या प्रथिनाला, धरतं आणि तिला पुढे जायचा इशारा मिळायला हातभार लावतं. एकाच रेणूची दोन ठिकाणी दोन कामं. म्हणूनच प्रतिकारशक्ती शिकवताना सगळं श्रेय जनुकांना देऊन साखळ्या एका परिच्छेदात उरकल्या जातात, ते मला पटत नाही.

“याचा उपयोग काय?” हा पुढचा प्रश्न. प्रतिकारशक्तीशिवाय जन्मलेल्या बाळाला आईची किंवा वडिलांची अर्धीच जुळणारी मज्जा दिली, तर तिच्यातल्या पक्व टी पेशी बाळाच्याच शरीरावर तुटून पडतात. राइस्नर आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनचं लेक्टिन आणि मेंढीच्या तांबड्या पेशी वापरून त्या टी पेशी मज्जेतून आधीच वेगळ्या केल्या. १९८० च्या दशकात अशी मज्जा मिळालेली बाळं वाचली, आणि दात्याच्या मज्जेतून आलेल्या नव्या टी पेशी त्यांच्या थायमसमध्ये तयार झाल्या.