‘विंडोज ७ चालतं’ म्हणे! : शाखांमध्ये एंडपॉइंट एजंट बसवतानाचा माझा अनुभव

सॉफ्टवेअर कंपनीच्या सिस्टिम रिक्वायरमेंटच्या पानावर ‘विंडोज ७ सर्व्हिस पॅक १ आणि त्यापुढील सर्व’ ही ओळ दिसली की माझं डोकं अजून तापतं. ओळ खोटी नाही. पण स्थळाच्या परिचयपत्रात ‘मुलगा निर्व्यसनी’ लिहितात तशी ती आहे. खरं काय ते संसार मांडल्यावरच कळतं. आमचा संसार म्हणजे एक नागरी सहकारी बँक, तालुक्यातालुक्यात पसरलेल्या शाखा, आणि प्रत्येक शाखेत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या कोटेशनवर घेतलेली मशीन्स.

मी बँकेच्या आयटी विभागात आहे. संचालक मंडळाच्या इतिवृत्तात आम्ही अजून ईडीपीच (‘इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग’, आयटीचं जुनं नाव) आहोत, पण ते असो. रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ ला नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आणली आणि ३१ डिसेंबर २०१९ ला त्यावर बँकेच्या वकुबानुसार टप्प्यांची चौकट चढवली. त्यात संगणकांच्या मालमत्तेची यादी, पॅच (सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी बुजवणारे अपडेट), अनधिकृत सॉफ्टवेअरला आळा हे सगळं आहे. आमची यादी एक्सेलमध्ये होती आणि पॅच म्हणजे पेनड्राइव्ह घेऊन फिरणारा मी. ऑडिटरने शेरा मारला, ठराव झाला, तीन कोटेशनं आली, मशीन्सवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची खरेदी झाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक मशीनवर ‘एजंट’ नावाचा छोटा प्रोग्रॅम बसतो. तो मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरला कळवत राहतो की या मशीनवर कोणतं विंडोज आहे, कोणते पॅच राहिलेत, कोणी काय बसवलंय. मग जागेवर बसून पॅच पाठवता येतात, यूएसबी बंद करता येतं. विंडोज १० ची मशीन्स एका झटक्यात कन्सोलवर (म्हणजे त्या सर्व्हरच्या नियंत्रण पडद्यावर) दिसायला लागली, तेव्हा मी सीईओ साहेबांना ‘या महिन्यात संपतंय’ असं सांगूनही टाकलं.

मग विंडोज ७ आलं.

आता कोणी म्हणेल, विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, पैसे भरून मिळणारे वाढीव अपडेट जानेवारी २०२३ मध्ये संपले, मग ही मशीन्स ठेवलीत कशाला? त्यांनी एकदा आमच्या शाखेतला पासबुक प्रिंटर बघून जावं. पॅरलल पोर्टचा, लोखंडासारखा टिकाऊ, आणि ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा. चेक स्कॅनरचंही तेच. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही, आणि विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये येतच नाही. म्हणजे मशीन बदलायचं तर प्रिंटर आणि स्कॅनरही बदला. तो ठराव वेगळा, ते बजेट वेगळं. तोवर ही मशीन्स कॅश काउंटरवर राहणार, आणि ऑडिटरला तीही कन्सोलवर दिसायला हवीत.

एजंट बसवायला घेतला की इन्स्टॉलर अर्ध्यावर जाऊन उलटा फिरायचा आणि ‘१६०३’ दाखवायचा. १६०३ म्हणजे ‘काहीतरी बिघडलं’, यापलीकडे त्याला अर्थ नाही. कंपनीच्या सपोर्टला तिकीट (म्हणजे तक्रार) टाकलं. उत्तर आलं: अँटिव्हायरस बंद करून पाहा. पाहिलं. मग: फायरवॉल बंद करून पाहा. पाहिलं. मग: ‘सर, रिमोट सेशन द्या.’ मी म्हटलं, अहो, हे कोअर बँकिंगचं मशीन आहे, त्याला इंटरनेटच नाही, रिमोट कुठून देऊ? त्यावर ‘ओके सर, मग इंटरनेट जोडून कॉल करा.’ ज्या नियमांसाठी हे सॉफ्टवेअर घेतलं, तेच नियम मोडल्याशिवाय ते बसणार नाही, असा सगळा प्रकार. मधेच ‘ग्राहकाकडून प्रतिसाद नाही’ म्हणून तिकीट आपोआप बंद व्हायचं, आणि नवं तिकीट उघडलं की नवा माणूस पुन्हा अँटिव्हायरसपासून सुरू करायचा. शाखाधिकारी रोज फोनवर विचारायचे, ‘साहेब, कॅशियर मॅडमचं मशीन मोकळं होणार का आज?’ बाहेर पेन्शनवाल्यांची रांग.

शेवटी लक्षात आलं ते सपोर्टमुळे नव्हे. एका शाखेत एकाच खरेदीतली दोन मशीन्स होती, दोन्हीवर तेच विंडोज ७. शाखाधिकाऱ्यांच्या मशीनवर एजंट पहिल्या फटक्यात बसला, काउंटरच्या मशीनवर बसेना. फरक एकच: शाखाधिकाऱ्यांच्या मशीनला ईमेलसाठी इंटरनेट होतं आणि त्यामुळे त्याचे अपडेटही होत आले होते. तिथून धागा सापडला.

इन्स्टॉलरच्या फाइलवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. तिथे फाइलवर कोणाची सही आहे आणि त्या सहीच्या मागे कोणाची हमी आहे, ती साखळी दिसते. काउंटरच्या मशीनवर साखळी वरच्या टोकाला तुटलेली होती. त्या मशीनला सगळ्यात वरचं रूट सर्टिफिकेटच माहीत नव्हतं. विंडोज नवी रूट सर्टिफिकेटं लागतील तशी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून स्वतःहून आणतं, पण इंटरनेट असेल तर. आमच्या काउंटरवरच्या मशीन्सची ओळखीची यादी ती बसवली त्या वर्षावर थांबलेली. कंपनीने मात्र नव्या सर्टिफिकेटने सही करायला सुरुवात केली होती.

हा एक अडथळा. त्याच्या मागे दुसरा उभा होता. आताच्या सह्या ‘एसएचए-२’ पद्धतीच्या असतात, आणि जुनं विंडोज ७ त्या धड तपासू शकत नाही. ६४ बिटच्या मशीनवर एजंटचा ड्रायव्हर तर लोडच होत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये दोन अपडेट काढले होते: आधी केबी ४४९०६२८, मग केबी ४४७४४१९, आणि मग रीस्टार्ट. क्रम हाच ठेवा. दोन्ही मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवर फुकट मिळतात, वाढीव सपोर्टचे पैसे भरावे लागत नाहीत. ३२ बिट आणि ६४ बिटच्या फाइली वेगळ्या आहेत, बघून उतरवा.

रूट सर्टिफिकेटचं काम असं केलं: इंटरनेट असलेल्या विंडोज १० च्या मशीनवरून नेमकं हवं तेवढं एकच रूट एक्स्पोर्ट केलं, त्याचा थंबप्रिंट (ओळख पटवणारी आकडे-अक्षरांची ओळ) सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या साइटवरच्या थंबप्रिंटशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला, आणि मग विंडोजमधल्याच ‘सर्टयुटिल’च्या ‘ॲडस्टोअर’ने काउंटरच्या मशीनवर चढवलं. अख्खी यादी ओतण्याचाही मार्ग आहे, पण बँकेच्या मशीनने कोणावर विश्वास ठेवायचा हे मला एकेक बघून ठरवायला आवडतं. डोमेनमध्ये, म्हणजे सगळी मशीन्स एका सर्व्हरच्या ताब्यात, असाल तर ग्रुप पॉलिसीने एकदम जातं. आमच्या शाखा वर्कग्रुपमध्ये, म्हणजे प्रत्येक मशीन सुटं, म्हणून बॅच फाइल.

एजंट बसला! आणि कन्सोलवर ‘ऑफलाइन’.

इथे मी टेबलावर हात आपटला हे खरं आहे. तिसरा अडथळा: एजंट सर्व्हरशी टीएलएस १.२ ने (सुरक्षित, सांकेतिक संभाषणाच्या पद्धतीने) बोलतो आणि विंडोज ७ च्या ज्या भागातून हे बोलणं होतं, तो सांगितल्याशिवाय १.२ वापरत नाही. त्याला केबी ३१४०२४५ हा अपडेट लागतो, आणि नुसता अपडेट पुरत नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) ‘डिफॉल्टसिक्युअरप्रोटोकॉल्स’ नावाची किंमतही हाताने घालावी लागते. ६४ बिटच्या मशीनवर ती दोन ठिकाणी घालायची, ‘वाउ६४३२नोड’खालीसुद्धा. ते केलं आणि काउंटर क्रमांक दोन हिरवा झाला. त्या हिरव्या ठिपक्याचा मी फोटो काढून ठेवलाय.

हे सगळं मी सपोर्टला लिहून पाठवलं. उत्तर आलं: ‘हो सर, विंडोज ७ पूर्ण अपडेट असावं हे अपेक्षितच आहे.’ अपेक्षित होतं तर त्या पानावर लिहायला शाई लागत होती का? ‘सपोर्टेड’ याचा त्यांच्या लेखी अर्थ ‘शेवटच्या अपडेटपर्यंत आणलेलं, इंटरनेट असलेलं मशीन’ असा आहे. म्हणून माझं ऐकाल तर ऑर्डर देण्याआधी ट्रायल मागा, आणि ती आयटी विभागातल्या चकचकीत लॅपटॉपवर करू नका. सगळ्यात खडूस, जुनं, इंटरनेट नसलेलं मशीन निवडा आणि विक्रेत्याच्या माणसाला त्यावर बसवून दाखवायला सांगा. विक्री होण्याआधी ते लोक फार पटकन फोन उचलतात.

१६०३ बद्दल एक राहिलं. इन्स्टॉलर सविस्तर लॉगसह चालवायचा आणि लॉगमध्ये ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधायचं. खरी तक्रार त्या ओळीच्या जरा वरच लिहिलेली असते. खालचा मजकूर वाचत बसू नका, ती फक्त आवराआवर असते.

मॅक आमच्याकडे मोजकीच, त्यातलं एक सीईओ साहेबांचं, त्यामुळे तिथे चुकून चालत नाही. ॲपलचा खाक्या वेगळा: एजंट बसतो लगेच, पण त्याला डिस्क वाचायची परवानगी नसते. २०१८ च्या मॅकओएस मोहावेपासून ‘फुल डिस्क ॲक्सेस’ द्यावा लागतो, आणि तो स्क्रिप्टने देता येत नाही. एक तर वापरणाऱ्याने सेटिंग्जमध्ये जाऊन द्यायचा, नाही तर मशीन एमडीएममध्ये (उपकरणं दुरून सांभाळणाऱ्या यंत्रणेत) घेऊन प्रोफाइलने. स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी तर प्रोफाइलनेही देता येत नाही, म्हणजे रिमोटने स्क्रीन बघायची तर समोरच्यालाच ते बटण दाबावं लागणार. साहेबांना फोन करून ‘डावीकडे... नाही, त्याच्या खाली’ करण्यापेक्षा मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन आलो. एमडीएमसाठी ॲपलचं पुश सर्टिफिकेट लागतं. ते दरवर्षी नूतनीकरण करायचं, आणि त्याच ॲपल आयडीने. म्हणून तो आयडी कोणा कर्मचाऱ्याच्या नावाने काढू नका, बँकेच्या नावाने काढा. माणूस नोकरी सोडून गेला आणि आयडीही गेला, की सगळी मॅक्स नव्याने जोडत बसायची.

लिनक्सच्या रकान्यात कंपनीने ‘सर्व प्रमुख डिस्ट्रिब्युशन’ लिहिलं होतं. आमचा बॅकअपचा सर्व्हर सेंटओएस ७ वर होता. त्यात जीलिबसी (लिनक्सवरचे प्रोग्रॅम जिच्या आधारावर चालतात ती मूळ लायब्ररी) २.१७, आणि एजंट मागत होता २.२८. उबंटू १८.०४ वरही तो बसला नसता, तिथे २.२७ आहे. तेव्हा लिनक्सला डिस्ट्रिब्युशनचं नाव नको, जीलिबसीचा आकडा विचारा. आपल्याकडचा ‘एलडीडी’च्या व्हर्जनवरून कळतो. आणि चालत्या सर्व्हरवर जीलिबसी वर चढवायचा शहाणपणा करू नका, सर्व्हरच आडवा होईल. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपलेलाच आहे, तेव्हा आम्ही सर्व्हरच नवा उभारला. तिथे वेगळीच गंमत. ऑडिटरच्याच सांगण्यावरून ‘टेंप’ फोल्डर ‘नोएक्झेक’ केलेलं, म्हणजे तिथून काही चालवता येऊ नये. इन्स्टॉलर नेमका तिथेच उलगडतो आणि तिथूनच चालायला बघतो. ‘टेंपडिर’, म्हणजे तात्पुरत्या फाइलींची जागा, दुसरीकडे वळवली, काम झालं.

रॅम: पानावर ‘किमान १ जीबी’ आहे. एजंट बसायला तेवढी पुरते. पण २ जीबीच्या मशीनवर कोअर बँकिंग, अँटिव्हायरस आणि एजंटचं स्कॅन सकाळी गर्दीच्या वेळी एकदम सुरू झालं की पासबुक छापायला घेतलेलं ओळीच्या मध्यात थांबतं, आणि खातेदार काचेवर टकटक करतात. स्कॅन संध्याकाळी कॅश टॅली झाल्यावर लावा, पण शाखा मशीन बंद करून घरी जाणार नाही याची सोय बघा. आमच्याकडे शिपाईमामा निघताना मेन स्विचच पाडायचे.

घड्याळाचंही सांगतो. जुन्या मशीनचा सीमॉसचा सेल गेला की चालू केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते, मग सर्टिफिकेट ‘अजून लागू नाही’ ठरतं आणि एजंट पुन्हा ऑफलाइन. सेल कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडेही मिळतो, सीआर २०३२ म्हणायचं. सर्टइनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सगळ्या मशीन्सची वेळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी जुळलेली हवीच, तेव्हा मुख्य कार्यालयात एक वेळेचा सर्व्हर ठेवून शाखा त्याला जोडा. एका दगडात दोन शेरे मिटतात.

एकाच हार्ड डिस्कवरून क्लोन केलेली मशीन्स असतील तर एजंट क्लोननंतर बसवा, आधी नको. नाही तर दोन मशीन्स एकाच ओळखीने येतात आणि कन्सोलवर एकच नाव कधी एका गावचं, कधी दुसऱ्या गावचं दिसतं.

विंडोज १० वाल्यांनीही निवांत बसू नये. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. संस्थांना वाढीव अपडेट पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलरला, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. आपल्याकडची किती मशीन्स त्यात बसतात हे एजंट एका रिपोर्टमध्ये काढून देतो. तो रिपोर्ट मी बजेटच्या टिपणीला जोडला. पासबुक प्रिंटरची ओळही त्यातच घातली आहे, बघू या वेळी मंजूर होते का.