फिनेल, खराटे आणि पॅड

ग्रामपंचायतीच्या पैशातून गावातल्या शाळेत फुकट सॅनिटरी पॅड ठेवायचे, एवढंच काम होतं. वर्षाचा खर्च दोन हजाराच्या आत. त्याला मला पाच महिने लागले.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, ऊसपट्ट्यात. मी राखीव जागेवरून निवडून आलेली सदस्य. त्याआधी बचत गटात होते. 2018 मध्ये सरकारची अस्मिता योजना आली, तेव्हा आमच्या गटानं पॅड विकले. जिल्हा परिषद शाळेच्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांना. स्वस्तच होतं. तरी मुली येईनात. आधी मला वाटलं लाजतात. मग एकीनं सांगितलं, पाच रुपये कुणाकडं मागायचे? आई रानात असते, पैसे वडिलांच्या खिशात. वडील विचारणार, कशाला पाहिजेत. पाच रुपयांचं काही नव्हतं, मागण्याचं होतं. ते माझ्या डोक्यात बसलं.

सदस्य झाल्यावर कळलं की ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. आमच्याकडं ती रक्कम त्या वर्षी अडतीस हजारांच्या आसपास होती. आधीच्या वर्षी त्यातून खुर्च्या घेतल्या होत्या. त्या खुर्च्यांवर बहुतेक वेळा कोण बसतं, ते मी लिहीत नाही.

पहिल्या मासिक सभेला माझा विषय अजेंड्यावर नव्हताच. भाऊसाहेब (आमच्याकडं ग्रामसेवकाला भाऊसाहेबच म्हणतात) म्हणाले, "ताई, ऐनवेळच्या विषयात घेऊ." ऐनवेळचे विषय येईपर्यंत निम्मे लोक चहा पिऊन उठलेले. दुसऱ्या सभेआधी मी लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. सोबत वर्तमानपत्रातलं कात्रण जोडलं. सहावी ते बारावीच्या मुलींना मोफत पॅड देण्याच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2023 मध्ये केंद्राला देशभरासाठी एकच धोरण आखायला सांगितलं, त्याची ती बातमी होती. कात्रण कुणी वाचलं नाही. पण कागदाला कागद जोडलेला असला की अर्ज जड होतो.

ठराव लिहिताना भाऊसाहेबांची पेन थांबली. "आरोग्यविषयक साहित्य असं लिहू का?" मी म्हटलं, सॅनिटरी पॅड लिहा. सरपंच खिडकीबाहेर बघत होते. सूचक मी, अनुमोदक कोण? बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी आमच्यातली सगळ्यात वयस्क सदस्य, जिनं जन्मात पॅड पाहिला नसेल, तिनं हात वर केला. म्हणाली, "आम्ही फडकी वापरली, धुऊन सांदीला वाळत घातली. ह्या पोरींना तरी नको."

तीन दरपत्रकं आणायची होती. दोन मेडिकलवाल्यांनी एका पॅडला चार-पाच रुपये लावले. तालुक्याच्या जनऔषधी केंद्रात सरकारचा 'सुविधा' पॅड एक रुपयाला मिळतो. तिथलं बिल बघून भाऊसाहेबांना शंका आली, जीएसटीच्या रकान्यात काहीच कसं नाही? पॅडवरचा जीएसटी जुलै 2018 मध्येच उठलाय, हे पटवण्यात एक दुपार गेली.

खरी गाठ पुढं होती. भाऊसाहेब म्हणाले, "लाभार्थी यादी लागेल. प्रत्येक मुलीचं नाव, सही, आणि वाटपाचा फोटो. ऑडिटला दाखवायचं असतं." म्हणजे सातवीतली पोर पोटात कळ घेऊन ऑफिसात येणार, गुरुजींसमोर वहीत सही करणार, मग तिला पॅड मिळणार. त्यापेक्षा वडिलांकडं पाच रुपये मागणं सोपं.

मी घरी जाऊन दोन दिवस विचार केला. मग परत गेले आणि विचारलं, "भाऊसाहेब, शाळेच्या संडासात फिनेल घेतो, साबण घेतो. त्याची लाभार्थी यादी असते का?"

ते हसले. म्हणाले, "ते वाटप नाही ना ताई, ते वापरायचं साहित्य."

"मग हेही वापरायचं साहित्य."

त्यांनी डोकं खाजवलं, पण वाईट माणूस नाहीत. साठा नोंदवहीत नोंद झाली. पाकिटं ताब्यात घेतल्याची सही शाळेतल्या बाईंची, मुलींची नाही. फोटो काढला तो नुसत्या डब्याचा. सरपंचांना त्यात उभं राहायचं होतं की नव्हतं, ते मी विचारलं नाही.

डबा आधी मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवला होता, कुलूप लावून. आठवड्यात एकही पाकीट फुटलं नाही. "बघा, गरजच नाही," असं ऐकायला मिळालं. मी बाईंना घेऊन तो डबा मुलींच्या स्वच्छतागृहात, आतल्या भिंतीला खिळा मारून लावला. दोन दिवसांत साठ पॅड गायब. लगेच दुसरं ऐकायला मिळालं, "बघा, चोरतात." मोफत वस्तू चोरायची कशी, ते मला अजून कळलेलं नाही. आठवीतल्या एकीनं बाईंना हळूच सांगितलं, तिनं आईसाठी नेले. नेऊ देत. तिसऱ्या महिन्यात हिशोब आपोआप बसला. सहावी ते आठवीच्या बावन्न मुलींना महिन्याला दीडशेच्या आसपास पुरतात.

वापरलेल्या पॅडचा विचार मात्र मी आधी केला नव्हता, ही माझी चूक. पहिल्याच महिन्यात संडास तुंबला आणि सगळं खापर डब्यावर फुटलं. मग झाकणाची बादली आणली, शेजारी जुनी वर्तमानपत्रं ठेवली गुंडाळायला. बादली उचलणार कोण? झाडायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, जास्तीचं काम आहे, जास्तीचे पैसे द्या. बरोबरच होतं त्यांचं. त्यांना हातमोजे लगेच मिळाले. पैशांसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा सभा, पण या वेळी अनुमोदक तीन निघाले.

परवा भाऊसाहेबांचा फोन आला. नोंदवहीत पॅडची नोंद फिनेल आणि खराट्यांच्या मधे आहे, त्यामुळं ते नाव घेत नाहीत. म्हणाले, "ताई, ते फिनेलखालचं संपत आलंय, बाईंचा निरोप आहे. शंभर घेऊ का दोनशे?"

म्हटलं, दोनशे घ्या.