कल्पकता वर्गात शिकवता येते का? तुम्ही विचारलंत म्हणून

"सर, कल्पकता उपजतच असावी लागते ना? ती वर्गात कशी शिकवणार?" पालक विचारतात, नव्याने रुजू झालेले प्राध्यापक विचारतात. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या मुलांना फ्लुइड मेकॅनिक्स, म्हणजे द्रव-वायूंच्या प्रवाहाचं शास्त्र, शिकवतो, त्यामुळे माझं उत्तरही तिथलंच आहे. शिकवता येते. त्यासाठी वेगळा विषय लागत नाही, आहे तेच प्रॅक्टिकल उलट्या टोकाने सुरू करावं लागतं.

दुसऱ्या वर्षाला ऑरिफिसचं प्रॅक्टिकल असतं. टाकीच्या बाजूला धारदार कडेचं गोल भोक आणि त्यातून आडवी सुटणारी पाण्याची धार. जर्नलमध्ये उद्देश, कृती, सूत्र, रीडिंगचा तक्ता सगळं छापलेलं. मुलं मागच्या बॅचची फाइल शेजारी ठेवून तक्ता भरतात आणि सही घेतात. तीन वर्षं असं करून घेतल्यावर चौथ्या वर्षी आपण त्यांना म्हणतो, प्रोजेक्टसाठी काहीतरी नवीन सुचवा.

मी छापील पान देत नाही. बादली, मोजपट्टी आणि स्टॉपवॉच देतो. भोकातून सुटणाऱ्या पाण्याचा वेग काढा, दोन निरनिराळ्या रीतींनी, एवढंच सांगतो. "सर, फॉर्म्युला कोणता?" हा प्रश्न येतोच. मी थांबतो. थोड्या वेळाने एक गट बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजतो, त्यावरून सेकंदाला किती पाणी येतं ते काढतो आणि त्याला भोकाच्या क्षेत्रफळाने भागतो. दुसरा गट धार किती लांब जाऊन पडते ते मोजतो, अकरावीतलं प्रोजेक्टाइल, म्हणजे फेकलेल्या वस्तूच्या मार्गाचं गणित, आठवून. दोन उत्तरं जुळत नाहीत, बादलीवाल्यांचा वेग बराच कमी येतो. मग वाद सुरू होतो: बादली गळते का, स्टॉपवॉच उशिरा दाबलं का, हवेचा अडथळा असेल का? अशाच एका वादात एक मुलगी मोजपट्टी धारेला लावून वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "सर, धार भोकाएवढी जाड नाहीच आहे."

फळ्यावर 'व्हेना कॉन्ट्रॅक्टा' हे नाव मी तेव्हा लिहिलं. कडेने येणाऱ्या पाण्याला एकदम काटकोनात वळता येत नाही, म्हणून बाहेर पडल्यावर धार आकसते आणि तिचं क्षेत्रफळ भोकाच्या साधारण 0.62 पट उरतं. पुस्तकातला हा आकडा त्या बॅचने, दोन वेगांच्या भागाकारातून, स्वतः गाठला होता.

नमुना आधी दाखवला तर बिघडतं काय, असंही विचारतात. डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ या संशोधकांनी 1991 साली इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात न सांडणारा कॉफीचा कप बनवायचा होता आणि स्ट्रॉ वापरायची नाही, असं स्पष्ट बजावलं होतं. काहींना नमुन्याचं एक चित्र दाखवलं, त्यात स्ट्रॉ होती. चित्र पाहिलेल्यांच्या आराखड्यांत स्ट्रॉ पुन्हा उतरली. नमुना डोळ्यांसमोर आला की मनाई असलेली गोष्टसुद्धा हातून काढली जाते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मात्र थिअरी कमी करा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. प्रोजेक्टाइल येत नसतं, तर दुसऱ्या गटाला काय सुचलं असतं?

गुणांचंही बघावं लागतं. न जुळलेल्या उत्तराचं कारण शोधणाऱ्याला, जुळवून आणलेल्या उत्तरापेक्षा मी जास्त गुण देतो. हे पहिल्याच दिवशी सांगावं लागतं, नाहीतर मुलं जुनी फाइल सोडत नाहीत. वेळही दुप्पट जातो, म्हणून टर्ममध्ये दोन-तीनच प्रॅक्टिकल अशी घेतो, बाकीची छापील पानाप्रमाणे.

तुमच्याकडे ऑरिफिसची टाकी नसेल तर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा चालतो. ड्रिल बाहेरून मारलंत तर आतल्या बाजूला निघालेली बर, म्हणजे पत्र्याची खरबरीत कड, कानशीने घासून काढा, नाहीतर धार नीट आकसत नाही. आणि वरून नळ सुरू ठेवून डबा काठोकाठ भरलेला राहू द्या, म्हणजे मोजेपर्यंत पाण्याची पातळी हलणार नाही.