दोन चौकोन आणि साबणाचे तीन तुकडे

परवा भाचा घरी आला तो रडकुंडीलाच आलेला. डिप्लोमाचं पहिलं वर्ष, इंजिनीअरिंग ड्रॉइंगची शीट दोनदा रिजेक्ट झालेली. म्हणाला, "मामा, समोरून दिसतो तो फ्रंट व्ह्यू, वरून दिसतो तो टॉप व्ह्यू, सगळं पाठ आहे मला, पण त्यावरून वस्तू कशी दिसंल ते काढा म्हणलं की काहीच डोळ्यापुढं येत नाही." पाठ आहे म्हणला तिथंच मला कळालं कुठं अडलंय ते.

मी त्याला कागदावर दोन चौकोन काढून दिले, एकाखाली एक. वरचा फ्रंट व्ह्यू, खालचा टॉप व्ह्यू, सांग वस्तू कुठली. तो लगेच म्हणाला, क्यूब. मग मी कपड्याच्या साबणाची लांब वडी आणली, हॅक्सॉ ब्लेडनं तिचे तीन सारखे ठोकळे पाडले. एक तसाच ठेवला. दुसऱ्याच्या बाजूच्या अंगावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली आणि त्या रेघेवरनं आरपार कापला, म्हणजे उतरत्या छपरासारखा तुकडा हातात आला. तिसरा चाकूनं तासत तासत आडवा गोल केला, लाटण्याच्या तुकड्यासारखा. तिन्ही त्याच्या डोळ्यासमोर धरले आणि म्हणलं एक डोळा मिटून बघ. समोरून तिन्ही चौकोन, वरून तिन्ही चौकोन! बाजूनं फिरवलं तेव्हा मात्र एक चौकोन, एक त्रिकोण, एक वर्तुळ. (गोल तुकड्याच्या व्ह्यूत सेंटर लाइन, म्हणजे मधोमध अक्षाची रेघ, काढली असती तर तो आधीच ओळखू आला असता, म्हणून ती रेघ लहान असली तरी सोडायची नाही.) पोरगं बराच वेळ ते तुकडे फिरवत बसलं.

टू-डी व्ह्यू म्हणजे वस्तूचं चित्र नव्हे, एका दिशेनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते. समोरच्या व्ह्यूत लांबी आणि उंची कळते, खोली अजिबात नाही. वरच्यात लांबी आणि खोली कळते, उंची गायब. प्रत्येक व्ह्यू एक माप लपवतो, ते दुसऱ्यानं सांगायचं असतं, म्हणून व्ह्यू एकेकटे वाचायचे नसतातच.

मग थ्री-डी काढला की सगळं सुटलं का? तर तसंही नाही. आयसोमेट्रिकमधे, म्हणजे वस्तूच्या तीन बाजू एकदम दाखवणाऱ्या थ्री-डी चित्रात, तीन अक्ष एकमेकांशी १२० अंशात असतात, आडव्या कडा ३० अंशात तिरक्या जातात, त्यामुळं वस्तूचा खरा ९० चा कोपरा कागदावर कुठं १२० दिसतो तर कुठं ६०, आणि गोल भोक लंबगोल होतं. क्यूबची बाहेरची कड बघा, चक्क षटकोन असतो. वस्तू कशी आहे हे त्यात पटकन कळतं, पण या तीन अक्षांना समांतर नसलेली कड मोजायला पट्टी लावली की फसलात. मापं खरी मिळतात ती सपाट व्ह्यूत. शिवाय थ्री-डी म्हणतो तोही शेवटी सपाट कागदावरच असतो की, खोली आपलं डोकं भरतं.

हे मला कॉलेजात नाही, आप्पांकडं कळालं. आप्पा कोल्हापुरात पॅटर्नमेकर, म्हणजे फाउंड्रीत ओतकामाच्या आधी वाळूत साचा उठवायला जो लाकडी नमुना लागतो तो करणारे. ड्रॉइंग आलं की ते आधी हत्याराला हात लावायचे नाहीत, कागद टेबलावर पसरून एक बोट फ्रंट व्ह्यूवर, दुसरं टॉप व्ह्यूवर, आणि दोन्ही बोटं एकाच वेळी सरकवत जायची, ही कड म्हणजे तिथली ती कड. तुटक रेघेपाशी थांबायचे, कारण तुटक म्हणजे मागं लपलेलं, कदाचित आतली पोकळी, म्हणजे कोअर, पोकळी ठेवायला साच्यात बसवायचा वाळूचा गोळा, लागणार. कास्ट आयर्न थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून २०० मिलिमीटरला लाकूड २०२ धरायचं, वर नंतर मशीनवर कापून काढायला जादा माल ठेवायचा तो वेगळा. इतकं सगळं त्या सपाट कागदावरनं त्यांच्या डोक्यात उभं राहायचं.

एकदा मात्र मोठा घोळ झाला. एका बाहेरच्या गिऱ्हाईकाचं ब्रॅकेटचं ड्रॉइंग थर्ड अँगलमधे होतं, म्हणजे व्ह्यू कागदावर मांडायची दुसरी पद्धत. आपल्याकडं फर्स्ट अँगल चालतो, त्यात डावीकडून बघितलेला व्ह्यू उजवीकडं काढतात आणि टॉप व्ह्यू खाली. थर्ड अँगलमधे उजवीकडून बघितलेला उजवीकडंच, टॉप व्ह्यू वर. खाली कोपऱ्यात कापलेल्या शंकूची छोटी खूण असते, ती बघायची राहिली. सहा नग ओतून झाल्यावर कळालं की बॉस, म्हणजे अंगावरचा गोल उंचवटा, उलट्या बाजूला आलाय, आरशात बघितल्यासारखा. आप्पा दोन दिवस जेवले नाहीत नीट. तेव्हापासून ड्रॉइंग हातात घेतलं की माझी नजर आधी त्या कोपऱ्यात जाते.

वेगवेगळ्या व्ह्यूतून वस्तू मांडायच्या या पद्धतीचा पाया घातला फ्रान्सच्या गास्पार मोंज यांनी, अठराव्या शतकात, किल्ल्यांची आखणी करताना. लष्करानं ती बरीच वर्षं गुपित ठेवली होती म्हणे, आणि मला त्याचं नवल वाटत नाही.

आता सगळं कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगवर, माउसनं मॉडेल गरागरा फिरतं, मीही दिवसभर तेच करतो. पण वर्कशॉपमधे लेथपाशी जातो तो प्रिंट, तिथं फिरवायला काही नसतं. भाच्याला म्हणूनच आधी साबण दिला, कॉम्प्युटर नाही. तीन तुकडे तो डब्यात घालून घेऊन गेला. तुटक रेघा अजून राहिल्यात, रविवारी त्यासाठी एक बटाटा पोखरायचाय.