तुम्ही विचारलंत म्हणून: सेस्पेदेसचा सौदा

ओकलंडचा अ‍ॅथलेटिक्स बेसबॉल संघ 2024 च्या हंगामानंतर शहर सोडून गेल्यापासून तुमच्या प्रश्नाला नवी धार आली आहे. 31 जुलै 2014 रोजी मैदानाची डावी बाजू राखणाऱ्या (लेफ्ट फील्डर) योएनिस सेस्पेदेसला बॉस्टनच्या हवाली केले नसते, तर ते वर्ष आपले झाले असते आणि पुढची वाताहतही टळली असती ना, असे तुम्ही विचारता; खरे तर विचारता कमी आणि सुनावता जास्त. सौद्याच्या दिवशी मी संघाचे सौदे ठरवणाऱ्या बिली बीनची बाजू घेतली होती, हे ओकलंडजवळच्या फ्रीमाँटमधल्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक असल्यामुळे जाब मलाच द्यावा लागतो. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

त्या दिवसापर्यंत संघाने 66 सामने जिंकले होते आणि 41 गमावले होते. इतकी चांगली कामगिरी तेव्हा दुसऱ्या कोणत्याही संघाची नव्हती. नंतरच्या 55 सामन्यांपैकी फक्त 22 जिंकले. हे दोन आकडे शेजारीशेजारी मांडले की निकाल लागल्यासारखा वाटतो आणि नेमका त्याचाच मला वैताग येतो. आपला फलंदाज ब्रँडन मॉस दुखऱ्या खुब्यानिशी खेळत होता, जॉन जेसो डोक्याला मार बसून बाहेर होता, हे त्या हिशेबात कुठेच येत नाही. उलट ज्याच्यासाठी सौदा केला त्या पिचर (चेंडू टाकणाऱ्या) जॉन लेस्टरने आपल्या 11 सामन्यांत दर नऊ इनिंगमागे सरासरी 2.35 धावाच दिल्या. घेतलेला माल खोटा नव्हता.

पण 30 सप्टेंबरची कॅन्सस सिटीतली रात्र मला नाकारता येत नाही. एकच सामना, हरलो तर हंगाम संपला. आठव्या इनिंगच्या उत्तरार्धाला सुरुवात झाली तेव्हा आपण 7-3 असे पुढे होतो, मॉसने दोन होमरन मारले होते आणि चेंडू लेस्टरच्याच हातात होता. पहिल्या बेसकडे चेंडू फेकून धावपटूला जखडून ठेवायचे तो टाळत असे, आणि फलंदाजामागे चेंडू झेलणारा दमदार फेकीचा कॅचर जोव्हानी सोटो अंगठा दुखावल्याने लवकरच बाहेर गेला होता. कॅन्सस सिटीच्या रॉयल्स संघाने त्या सामन्यात सात बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळून पुढचा बेस गाठला. आठव्यात तीन धावा, नवव्यात बरोबरी. बाराव्यात आपण पुन्हा 8-7 असे पुढे गेलो, तेव्हा रॉयल्सच्या एरिक हॉस्मरने डाव्या बाजूच्या खोल भागात, भिंतीपर्यंत चेंडू मारला. त्याच्यामागे जॉनी गोम्स आणि सॅम फुल्ड दोघेही धावले आणि एकमेकांवर आदळले. हॉस्मर तिसऱ्या बेसवर पोहोचला. गोम्स लेस्टरबरोबर बॉस्टनहून आला होता आणि फुल्ड त्याच दिवशी मिनेसोटाहून. थोड्याच वेळात रॉयल्सच्या सॅल्व्हाडोर पेरेझचा फटका तिसरा बेस राखणाऱ्या आपल्या जॉश डोनाल्डसनच्या बाजूने निसटला आणि आपण 9-8 असे हरलो.

त्या क्षणी मीच ओरडलो होतो, की तिथे सेस्पेदेस हवा होता. त्या ओरडणाऱ्याला आज विचारावेसे वाटते, की आठ धावा करूनही हरणाऱ्या संघाला आणखी एक फलंदाज कशासाठी हवा होता? त्यावर तो म्हणेल, की फलंदाजीसाठी नव्हे, त्या चेंडूसाठी. त्याच वर्षीच्या जून महिन्यात सेस्पेदेसने अ‍ॅनहाइममध्ये डाव्या कोपऱ्यातून थेट होम प्लेटवर, म्हणजे जिथे धाव पूर्ण होते तिथे, फेकून धावत येणाऱ्या हॉवी केंड्रिकला बाद केले, ते तो दाखवेल. पण ती फेक करण्याची वेळ आली, ती आधी चेंडू त्याच्याच हातून निसटल्यामुळे! तेव्हा हॉस्मरचा चेंडू त्याने झेलला असता की त्याच्या हातूनही सुटला असता, याचे उत्तर माझ्याकडे नाही, आणि तुमच्याकडेही नाही.

संघ शहरातून गेला तो स्टेडियमच्या आणि पैशाच्या भांडणातून. त्याचे खापर एका लेफ्ट फील्डरच्या सौद्यावर फोडणे मला मान्य नाही. आता मला अवघड प्रश्न विचारायचाच असेल, तर त्याच वर्षी टोरंटोला देऊन टाकलेल्या डोनाल्डसनबद्दल विचारा, जो पुढच्याच हंगामात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तर आपण 94 सामने हरलो. पण तो सौदा नोव्हेंबरमधला, आणि तुम्ही दर वेळी जुलैचेच विचारता.