चप्पल पायात राहिली

आज आठ महिन्यांनी ठाण्याच्या तलावपाळीला गेलो, पूर्ण राउंड वगैरे नाही हां, गडकरी रंगायतनपासून दोन बाकडी पुढे आणि बसलो. मला झालाय जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम), म्हणजे २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडला पेशंट वाढले तेव्हा पेपरात आलेला तोच, आपलीच इम्युनिटी आपल्याच नसांवर उठते. ५ दिवस इम्युनोग्लोब्युलिन (अँटीबॉडीजचं औषध) शिरेतून चढवलं, व्हेंटिलेटर लागला नाही एवढं नशीब. पण पुढचं सगळं मुंगीच्या पावलाने. डॉक्टर म्हणाले नसेवरचं आवरण गेलं असेल तर लवकर भरून येतं, पण आतली तारच गेली असेल तर ती दिवसाला साधारण १ मिलीमीटर वाढते. मी घरी येऊन टेपने मोजलं, गुडघा ते अंगठा ५५ सेंटीमीटर, करा हिशोब!

डावं पाऊल अजून वर उचलत नाही त्यामुळे रबरी चप्पल निघून मागे राहायची आणि मला कळायचंही नाही, कारण तळव्याला सारखं मोजे घातल्यासारखं वाटतं. आज बायको मागून चालत होती, नजर माझ्या पायावर, आणि एकदम ओरडली "अहो, राहिली की पायात!" आजूबाजूचे लोक बघायला लागले.

शेजारच्या काकांनी परत तिळाच्या तेलाचा सल्ला दिला. हो म्हटलं. त्यांना काय सांगणार.

घरी आल्यावर तीन तास मेल्यासारखा झोपलो, आता उठून शर्टाचं वरचं बटण लावतोय, चौथा प्रयत्न.