खाँसाहेबांच्या तबकड्या आणि आजचं गाणं

मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीजवळ माझा गाण्याचा वर्ग आहे. पोरं विचारतात, "बाई, अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी ग्रुपवर टाकली तर चालतं का?" खुशाल टाका! खाँसाहेब १९३७ साली गेले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्या केव्हाच सगळ्यांच्या झाल्या.

पण आजच्या गायकाचा अख्खा अल्बम टेलिग्रामवरून उतरवून वाटणं मला अजिबात पटत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला. कंपनीला तो त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. फुकट फिरणाऱ्या फाइलवर वाटा निघणार कुठून?

उरसातल्या मैफलीचं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंगही तसंच. आपल्या गायन-वादनावर कलाकाराचा ५० वर्षं हक्क असतो, आणि हे कित्येक तबलजींना, पेटीवाल्यांनाही माहीत नसतं. म्हणून सतरंजीवर बसून फोन वर धरण्याआधी विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. आणि टाकताना गायकाबरोबर साथीदारांचीही नावं लिहा, ती फार वेळा गळतात.